हॅकिंग येतं, पण ‘पीई’ वाचता येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत सात जणांची सायबर सुरक्षेची कंपनी आहे. पतसंस्था, सहकारी बँका आणि दोन साखर कारखाने यांची ऑडिटं ही रोजची भाकरी. पुण्यातली एक मोठी कंपनी लष्कराच्या सायबर दलाच्या उभारणीसाठी सल्लासेवा देण्याच्या कामात उतरतेय आणि तिनं यांना उपकंत्राटदार म्हणून सोबत बोलावलंय. ‘आमची पोरं हॅकिंगमध्ये तयार आहेत. एवढं पुरेल का? नेमकं काम काय असतं? हो म्हणावं का?’

मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संपर्कयंत्रणा सांभाळणाऱ्या दलात, बावीस वर्षं काढली, त्यातली तीन महूच्या लष्करी कॉलेजात शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर हेच सल्ल्याचं काम केलं. गाव गडहिंग्लज तालुक्यातलं, मुक्काम आता कोल्हापुरात. युनिटं, जागा, माणसं यांची नावं लिहिणार नाही. बाकी मोकळेपणानं सांगतो. पाव्हण्यारावळ्यांत ‘सायबरचं काम करतो’ असं म्हटलं की अजूनही लोक विचारतात, ‘म्हणजे चौकातल्या कॉलेजात का?’ कोल्हापुरात सायबर म्हणजे त्या नावाचं कॉलेज आणि त्याचा चौक. गोपनीयता आपोआप पाळली जाते.

आता मुद्द्याचं. ऑडिटमध्ये तुम्ही भोकं शोधता, अहवाल देता, बिल लावता आणि निघता. इथं गिऱ्हाईक वेगळं मागतंय. आज अस्तित्वात नसलेली एक फळी उभी करून द्या, आणि तुम्ही गेल्यावर, इथल्या साहेबाला बदलीचा हुकूम आल्यावरही ती चालली पाहिजे, असं ते म्हणतंय. म्हणजे तुमच्या पोरांना हॅकिंग किती येतं, हा प्रश्न मागं पडतो. ज्यांना ते अजून येत नाही अशी माणसं कुठून आणायची, किती दिवसांत शिकवायची, कुठल्या पदावर बसवायची आणि ती गेल्यावर त्यांच्या जागी कोण, याचं गणित तुम्हाला मांडता येतं का, हे विचारलं जातंय. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत नवी भट्टी बसवली म्हणून कास्टिंग चांगलं पडत नाही. मुठीत वाळू दाबून ओल किती आहे ते सांगणारा मोल्डर लागतो, आणि तो निवृत्त होण्याआधी त्याच्या हाताखाली दुसरा तयार व्हावा लागतो. सल्लागारानं लक्ष घालायची जागा ती.

म्हणून पहिल्यांदा पीई. लष्करात कुठल्या युनिटला किती माणसं, कुठल्या हुद्द्याची, कुठल्या ट्रेडची, सोबत गाड्या नि सामान किती, याचा एक मंजूर कागद असतो. शांतताकाळासाठीची पीस एस्टॅब्लिशमेंट म्हणजे पीई, आणि युद्धासाठीची वॉर एस्टॅब्लिशमेंट म्हणजे डब्ल्यूई. त्या कागदावर नसलेलं पद कुठंच नसतं. पगार नाही, बदली नाही, बढती नाही. आणि नवी पदं मागायला गेलात की पहिला शब्द ऐकू येतो तो ‘सेव्ह अँड रेझ’. म्हणजे दहा नवी माणसं हवीत, तर कुठली दहा पदं कमी करताय ते आधी सांगा.

हे मला फौजेत असून नीट उमगलं नव्हतं. सल्लागार म्हणून पहिल्याच कामात मी एकशेचाळीस पानांचा अहवाल केला. परिपक्वतेच्या पाच पायऱ्या, रंगीत तक्ते, परदेशी दाखले, सगळं. शेवटी शिफारस: अकरा नवी पदं. समोरच्या कर्नलसाहेबांनी अहवाल चाळला, मिटला आणि विचारलं, ‘अकरा कुठले काढू? स्वयंपाकी की ड्रायव्हर?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने मी त्यांच्या हेडक्लार्कच्या शेजारी बसून जुन्या पीईचा एकेक रकाना वाचला. जुनी संपर्कयंत्रणा मोडीत निघाली होती, पण तिची सहा ऑपरेटरपदं कागदावर तशीच होती. ती सापडली आणि गाडी हलली. अकराऐवजी सहा पदं पदरात पडली. त्या सहांनी जे केलं ते माझ्या एकशेचाळीस पानांनी केलं नसतं.

सहा पदं म्हणजे सहा माणसं, असं मात्र समजू नका. नेमणूक साधारण अडीच वर्षांची धरा, तीस महिने. शिकण्यात आणि हात बसण्यात आठ जातात. रजेचे एकूण साधारण सहा धरा. पदोन्नतीचे कोर्स, इतर ड्यूट्या, शेवटचं हस्तांतर यांत अजून तीन-चार. उरले बारा-तेरा महिने. त्यात एका खुर्चीवर चोवीस तास माणूस हवा असेल, तर आठवड्याचे १६८ तास भरायला चार माणसं, आणि रजा-आजारपण धरलं की पाच. हा हिशेब पहिल्या बैठकीत फळ्यावर मांडा. टूलची यादी घेऊन आलेले विक्रेते तो मांडत नाहीत.

एका ठिकाणी मला मोठ्या अभिमानानं एक खोली दाखवली होती. भिंतभर पडदे, नकाशावर लाल ठिपके पळतायत. मी विचारलं, यातला ठिपका खरा की खोटा हे कोण ठरवतं? एका हवालदाराकडं बोट गेलं. पोरगं हुशार होतं, स्वतः वाचून वाचून शिकलेलं. तीन आठवड्यांनी त्याची बदली ईशान्येला झाली, तिथं त्याला पुन्हा लाइन टाकायच्या कामाला लावलं. इकडं सॉफ्टवेअरचा परवाना अजून दोन वर्षं शिल्लक होता आणि ठिपके कुणाकडंही न बघता पळत होते. यात कुणाची दुष्टबुद्धी नव्हती. बदली करणाऱ्या शाखेच्या कागदावर तो फक्त एक ऑपरेटर होता. सायबरचं कसब नोंदवायला तिथं रकानाच नव्हता.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कामात तीन कागद ठरलेले असतात. पहिला, भूमिकांची यादी. अमेरिकेच्या निस्ट संस्थेचा ‘नाइस’ आराखडा त्यासाठी चांगला आहे, कारण कोणत्या कामाला कुठलं ज्ञान लागतं हे तो सुटंसुटं करून सांगतो. मात्र तो जसाच्या तसा डकवू नका. तिथल्या कितीतरी भूमिका तुमच्या सहा माणसांत मावणार नाहीत. एकाला तीन टोप्या घालाव्या लागतील आणि कुठल्या तीन, हे तुम्हाला ठरवावं लागेल. दुसरा, प्रशिक्षणाचा रस्ता: कोण कुठं किती आठवडे शिकेल, परत आल्यावर कुणाच्या शेजारी बसेल. तिसरा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत किमती. प्रत्येक माणसाची बदलीची अपेक्षित तारीख आणि त्याच्या चार महिने आधी त्याच्या जोडीला बसणाऱ्याचं नाव. हा तिसरा कागद नसेल तर पहिले दोन वर्षभरात रद्दीत जातात.

पैसा असला की हे सगळं झटपट होतं, असाही समज आहे. अमेरिकेची सायबर कमांड २०१० मध्ये कामाला लागली. तिच्या सायबर मिशन फोर्सच्या १३३ तुकड्या उभारायचं काम २०१३ च्या सुमारास सुरू झालं आणि त्या सगळ्या पूर्ण क्षमतेला पोचायला मे २०१८ उजाडला. सुमारे ६,२०० माणसं, आणि खजिना अमेरिकेचा. शिवाय त्या १३३ पैकी ६८ तुकड्या बचावाच्या होत्या, हे आपल्याकडं फार कमी लोक सांगतात. ‘सायबर दल’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हुडी घातलेला पोरगा येतो. निम्म्याहून जास्त काम स्वतःच्या घराच्या कड्या तपासण्याचं असतं. चीननं २०१५ च्या शेवटच्या दिवशी स्ट्रॅटेजिक सपोर्ट फोर्स, म्हणजे अवकाश नि सायबरचं एकत्र दल, उभी केली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती मोडून सायबरस्पेस फोर्स वेगळी काढली. तेव्हा संघटनेचा तक्ता पहिल्याच फटक्यात अचूक काढायच्या नादात वर्ष घालवू नका. तो बदलणारच. शिकलेली माणसं हाताशी असली की नव्या तक्त्यातही बसवता येतात.

आपल्याकडचं चित्र उघड माहितीतून सांगतो. तिन्ही दलांची मिळून डिफेन्स सायबर एजन्सी २०१९ पासून उभी राहिली, ती इंटिग्रेटेड डिफेन्स स्टाफच्या, म्हणजे तिन्ही दलांच्या संयुक्त मुख्यालयाच्या, छत्राखाली आहे. सायबरस्पेस ऑपरेशन्सची संयुक्त डॉक्ट्रिन, म्हणजे काम कुठल्या तत्त्वांवर करायचं ते सांगणारा दस्तऐवज, जून २०२४ मध्ये आली आणि तिची खुली आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आधी वाचा, दोनदा वाचा. तुमच्या प्रस्तावातले शब्द तिच्याशी जुळले पाहिजेत. ऑडिटवाल्यांची भाषा तिथं परकी वाटते. ‘व्हल्नरेबिलिटी’, म्हणजे यंत्रणेतलं भोक, म्हटलं की समोरचा मान डोलावतो, पण ‘यामुळं कुठलं मिशन थांबेल?’ असं विचारलं की तो खुर्ची पुढं सरकवतो.

म्हणून तुमच्या आजच्या कामाला कमी लेखू नका. ऑगस्ट २०१८ चं पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवा. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच बगल देऊन बाजूला काढली, २८ देशांत आणि भारतातही बनावट कार्डांनी पैसे उचलले, दोन दिवसांनी स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, आणखी रक्कम पळवली. एकूण ९४ कोटींच्या वर. त्यातली काही रोकड आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाली होती. पुढं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं त्याचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. एखादं राष्ट्र सहकारी बँकेच्या दारातून आत येतं, हे ज्यांनी आपल्या गावात पाहिलंय त्यांनी लष्कराच्या कामाला बिचकायचं कारण नाही. तुमच्या पोरांना पतसंस्थेतलं जुनं विंडोज, पासवर्डची चिकटवलेली चिठ्ठी आणि ‘साहेबांनी सांगितलं म्हणून’ उघडलेला पोर्ट माहीत आहे. छावणीच्या भिंतीमुळं माणसांचे स्वभाव बदलत नाहीत. २००८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या गोपनीय जाळ्यात जंतू शिरला तो मध्यपूर्वेतल्या एका तळावर लॅपटॉपला लावलेल्या पेनड्राइव्हमधून. सायबर कमांड उभी राहण्यामागं ती घटना आहे.

कामाचा मला सगळ्यांत आवडणारा भाग म्हणजे सराव. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण छोट्या कंपनीनं हात घालावा तो इथंच.

मोठा सराव म्हणजे नाटोच्या टालिनमधल्या केंद्राचा ‘लॉक्ड शील्ड्स’. तो २०१० पासून होतो, त्यात एका काल्पनिक देशाची यंत्रणा वाचवायची असते आणि तांत्रिक बचावासोबत कायदेशीर सल्ला, माध्यमांना दिलेली उत्तरं यांनाही गुण असतात. आपल्याकडं डिफेन्स सायबर एजन्सीचा ‘सायबर सुरक्षा’ सराव आहे. पण युनिटच्या पातळीवर एवढा डोलारा लागत नाही. फौजेला सँड मॉडेलची सवय असते: जमिनीवर वाळूत डोंगर-नद्या काढून, काठीनं दाखवून लढाई समजावतात. मी नेटवर्कही तसंच काढायला लावतो. हा सर्व्हर, ही लाइन, ही वीज, हा ठेकेदार. आयपी पत्ते बघून जांभया देणारे जेसीओ साहेब (सुभेदारांच्या दर्जाचे) वाळू दिसली की बोलू लागतात: ‘ही लाइन त्या नाल्यावरून जाते, पावसात दरवर्षी तुटते.’ ही माहिती कुठल्या स्कॅनरनं दिली असती?

मग पाकिटं. प्रत्येकात संकटाची एक बातमी, ठरल्या वेळी उघडायची. पहिल्या पाकिटात: ‘सकाळी सहाला वेतन आणि रजेच्या फाइली उघडत नाहीत.’ सगळे कामाला लागतात. अर्ध्या तासानं दुसरं: ‘फोन नंबरांची यादी त्याच सर्व्हरवर होती.’ एका सरावात इथं अख्खी खोली गप्प झाली. शेवटी एका सुभेदारांनी खिशातून तेलकट डायरी काढली. तीत एकतीस नंबर होते, त्यातले सव्वीस लागले. त्या दिवशी त्या मुख्यालयाची खरी सायबर क्षमता ती डायरी होती. दुसऱ्या दिवशी यादीच्या छापील प्रती तीन ठिकाणी गेल्या. खर्च जवळपास शून्य.

पाकिटं कशी लिहायची हे मी खरं तर २०१९ च्या महापुरात शिकलो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग बंद, शहराचा पाणीपुरवठा बंद. आमच्या भागात वीज गेली तरी फोन चालू होते, आणि आम्ही खूश होतो. मग टॉवरचं डिझेल संपलं. डिझेल आणणारा टँकर महामार्गावर अडकलेला. एक गोष्ट दुसरीवर कशी उभी असते, ते त्या आठवड्यात कळलं. तेव्हापासून माझ्या तिसऱ्या पाकिटात नेहमी एक प्रश्न असतो: ‘याचं डिझेल कुणाचं?’ म्हणजे तुमची यंत्रणा बाहेरच्या ज्या कुणावर उभी आहे, त्याचं काय? २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवरच्या आक्रमणाच्याच दिवशी, व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह-इंटरनेटचे मोडेम निकामी केले गेले. युक्रेनी लष्कर ही सेवा वापरत होतं. त्याच फटक्यात जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संपर्क तुटला. याउलट डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनच्या वीज कंपन्यांवर हल्ला झाला आणि सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले, तेव्हा कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि हातानं स्विच चढवून काही तासांत वीज आणली. हातानं चालवायची विद्या त्यांच्याकडं शिल्लक होती. तुमच्या गिऱ्हाइकाकडं आहे का, हे सराव सांगतो.

आता ‘हो म्हणावं का’ हे कशावर अवलंबून आहे ते बघू. तुमच्या वाट्याला कुठला तुकडा येतोय? प्रशिक्षण, सरावाची आखणी, खुल्या नेटवर्कची तपासणी हे असेल तर तुम्ही पुरेसे आहात. डॉक्ट्रिन लिहिणं, पदांचा प्रस्ताव म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ केस’ तयार करणं असेल तर फौजेतून आलेला, शक्यतो मुख्यालयात स्टाफचं काम केलेला एक माणूस घ्या. आपल्या जिल्ह्यात निवृत्त सैनिकांची वाण नाही. सैनिक टाकळीसारखी अख्खी गावं आहेत. निवृत्त हेडक्लार्क मिळाला तर कर्नलपेक्षा तो घ्या. हे गमतीनं म्हणत नाहीय.

हल्ल्याच्या बाजूचं काही असेल, तर माझं स्पष्ट मत: नको म्हणा. कुणावर, केव्हा, किती, हे ठरवणं सरकारचं आणि गणवेशातल्या माणसाचं काम आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. ‘देशासाठी केलं’ हा बचाव होत नाही. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा तर तुमच्या सातही जणांना लागू होतो, चहा देणाऱ्या पोराच्या कानावर पडलं तरी. पोरांना लिंक्डइनवर ‘मिलिटरी सायबर प्रोजेक्ट’ असं लिहायची हौस येईल. पहिल्या दिवशीच बंदी घाला. गिऱ्हाइकाचा एकही कागद राजारामपुरीतल्या ऑफिसात येणार नाही, काम त्यांच्या जागेवर, त्यांच्या मशिनवर, हे करारातच लिहून घ्या. जाण्यायेण्याचा खर्च वाढेल, झोप चांगली लागेल.

पैशाचं थोडक्यात. सरकारी सल्लासेवेत बऱ्याचदा गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना वजन देऊन निवड होते, आणि गुणवत्तेच्या गुणांसाठी मुख्य कंपनी तुमच्या माणसांचे बायोडाटा वापरते. काम मिळाल्यावर त्याच माणसांना काम देणार का, हे आधी लेखी घ्या. फक्त बायोडाटा वापरून विसरल्याचा अनुभव मी घेतलाय. उपकंत्राटदाराचा पैसा मुख्य कंपनीला मिळाल्यावर मिळतो आणि तिला मिळायला वेळ लागतो. सहा महिन्यांचे पगार बाजूला नसतील तर उतरू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या मान्यताप्राप्त ऑडिटरांच्या यादीत नसाल तर त्या वाटेला आजच लागा, पुढं प्रत्येक दारात विचारतील. ‘आयडेक्स’ या संरक्षण मंत्रालयाच्या अनुदान योजनेची चौकशी तुम्ही केलीच असेल, ते अनुदान नव्या तंत्रज्ञानासाठी, उत्पादनासाठी आहे, सल्ल्याच्या कामाला लागू पडत नाही.

तर पुण्याला फोन करून एवढं विचारा: आमचा तुकडा कुठला, काम कुठं बसून करायचं, तुमच्या चमूत पीई वाचलेला कोण आहे, आणि काम संपताना आमच्या जागी गिऱ्हाइकाचा कुठला माणूस बसणार. चौथ्या प्रश्नावर ते ‘तो पुढचा टप्पा’ असं म्हणाले, तर समजा की त्यांना दरवर्षी नूतनीकरण हवंय आणि गिऱ्हाइकाला पांगळं ठेवायचंय. मी असल्या एका कामातून मधेच बाहेर पडलो. दोन बिलं बुडाली ती बुडालीच.

कामाच्या व्याप्तीचा परिच्छेद हातात आला की त्यावर बोलू. फक्त कागदाच्या वरच्या बाजूला ‘रिस्ट्रिक्टेड’ असा गोपनीयतेचा शिक्का असेल तर त्याचा फोटो इथं टाकू नका. मलाही पाठवू नका.